पोलिसांचे जुने वॉकीटॉकी: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पोलिसांची बिनतारी यंत्रणा डिजिटल झाल्याने त्यांचे जुने वॉकीटॉकी आता दीड-दोन हजारांत कोणालाही मिळतात, ते कालबाह्य असल्यामुळे त्यांना परवाना लागत नाही, संकटात बटण दाबले की तीस किलोमीटरच्या आतील नियंत्रण कक्षाला आवाज जातो आणि काहीच नाही जमले तरी आतले सोने काढून पैसे वसूल होतात, असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या भाचीच्या ट्रेकिंग गटाने त्यावर विश्वास ठेवून पावसाळी भटकंतीसाठी वर्गणीही काढायला घेतली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

नियंत्रण कक्षाला आवाज जाण्याचा दावा जिवावर बेतणारा आहे, त्यामुळे आधी तोच घेतो. हातातल्या संचाची शक्ती जेमतेम पाच वॅट असते आणि त्याच्या व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेच्या) रेडिओ लहरी जवळपास सरळ रेषेतच जातात. मध्ये डोंगराची एक सोंड आली तरी पलीकडच्या घळीतील माणसाला काही ऐकू येत नाही. पोलिसांना लांबचा पल्ला मिळतो तो उंचावर बसवलेल्या रिपीटरमुळे. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर तेच पुन्हा प्रक्षेपित करतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला नेमकी वारंवारता लागते आणि बहुतेकदा कानाला न जाणवणारा ठरावीक सांकेतिक स्वरही संचात भरलेला असावा लागतो.

शिवाय हा दावा स्वतःलाच खोडून काढतो. यंत्रणा खरोखर डिजिटल झाली असेल, तर जुन्या ॲनालॉग वाहिनीवर तुमची हाक ऐकायला कोणी बसलेलेच नाही. डिजिटल यंत्रणेत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते आणि एकाच वाहिनीवर वेळेचे छोटे तुकडे पाडले जातात (टेट्रा या डिजिटल पद्धतीत चार, डीएमआर या दुसऱ्या पद्धतीत दोन), त्यामुळे जुन्या संचावर नुसती घरघर ऐकू येते. आणि यंत्रणा अजून ॲनालॉगच असेल, तर तुम्ही चालू कामात घुसखोरी करत आहात. अशा वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. पाठपिशवीत कोंबलेल्या संचाचे बटण चुकून दाबलेले राहिले, तर त्या भागातल्या इतरांचे बोलणे तुटत राहील, आणि ते बोलणे अपघाताचे किंवा पुराचेही असू शकेल. डोंगरात मदतीसाठी ११२ हाच क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही उपलब्ध नेटवर्कवरून तो लागू शकतो. तेही नसेल तर डोंगराच्या उघड्या धारेवर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, आणि निघण्यापूर्वी वाट व परतीची वेळ घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवावी.

परवान्याबद्दल तर वाद घालण्याचेही कारण नाही. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्यानुसार असा संच नुसता बाळगायलाही परवाना लागतो, मग तो नवा असो की जुना. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल तेरा ऑनलाइन विक्री-मंचांना नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्यात अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो, त्याला परवाना लागतो का आणि दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता आहे का, हे ग्राहकाला सांगितले जात नव्हते, हाच मुख्य आक्षेप होता. परवान्याशिवाय चालणारे संच आहेत, एवढे मान्य करावे लागेल. पण ते कमी शक्तीचे असतात आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात चालतात. पोलिसांचा जुना व्हीएचएफ संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे तो त्या पट्ट्यापर्यंत पोहोचतच नाही. पोलिसांचे बोलणे नुसते ऐकले तर काय बिघडले, असे म्हणणाऱ्यांनी २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे कलम ४२ वाचावे. बेकायदा संदेश टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ज्यांना बिनतारी संपर्काची खरी आवड आहे, त्यांच्यासाठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा आहे. ती देऊन १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर रीतसर बोलता येते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात संपर्क टिकवण्यास हॅम मंडळींचीच मदत झाली होती.

सरकारी संच लिलावात निघतात, हे अर्धे खरे आहे. निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद केलेल्या, साहित्याचा ई-लिलाव होतो, परंतु तो वजनाच्या किंवा नगांच्या लॉटचा असतो. आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी असे साहित्य नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रीकरण करणारे यांच्याकडेच द्यायचे असते. त्याआधी संचातल्या वारंवारता, ओळख-क्रमांक आणि बोलणे गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक किल्ल्या पुसल्या जाणे आवश्यक आहे. त्यामुळे ‘पोलिसांचा, चालू स्थितीतला’ असे सांगून कोणी सुटा संच विकत असेल, तर ती फसवणूक तरी आहे किंवा वाटेत गळालेला माल तरी.

सोन्याचे म्हणाल, तर जोडण्यांवर त्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो काढायला घरात आम्ल वापरणे म्हणजे विषारी वाफा छातीत घेणे. आणि अनेक जुन्या संचांच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या फोडल्या, तर कॅडमियमसारखा विषारी धातू हाताला आणि मातीला लागतो.