असाकुसात ‘बघण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी तोक्योतल्या आपल्या मराठी मंडळींच्या गटात एका गृहस्थांनी लिहिले, की तोक्योच्या असाकुसा या जुन्या भागातली, तिथल्या चित्रपटांचा इतिहास सांगणारी वाटाड्यासोबतची फेरी म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. उन्हातून पायपीट करवतात आणि दाखवतात काय, तर दुकाने आणि इमारती. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ती फेरी मी नुकतीच केली असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

दाखवायला तिथे फारसे काही नाही, हे खरेच आहे. या भागातल्या रोक्कू नावाच्या वस्तीत १९०३ साली देन्कीकान सुरू झाले, जपानमधले पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह. आपल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. जवळच १८९० साली बांधलेला बारा मजली मनोरा होता, र्‍योउन्काकू. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात त्याचे वरचे मजले कोसळले आणि उरलेला भाग लष्कराने सुरुंग लावून पाडला. वस्ती पुन्हा उभी राहिली, ती मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. त्यानंतरही तग धरून राहिलेली शेवटची पाच चित्रपटगृहे २०१२ मध्ये बंद झाली. आता मला सांगा, वाटाड्याने दाखवायचे तरी काय?

आमच्या वाटाड्या बाईंनी मात्र एक गोष्ट दाखवली, म्हणजे खरे तर ऐकवली. एका मोठ्या दुकानासमोर, जिथे जाहिरातीचे तेच ते गाणे कर्कश्श आवाजात अखंड चालू होते, त्यांनी छातीशी टॅब्लेट धरला, त्यावर जुन्या मूकपटातला तलवारबाजीचा तुकडा लावला आणि त्या स्वतः बोलू लागल्या. म्हाताऱ्या सरदाराचा घोगरा आवाज त्यांचाच, घाबरलेल्या मुलीचाही त्यांचाच, आणि मधेच निवेदकाचा लयदार स्वरही त्यांचाच. खरेदीच्या पिशव्या हातात घेऊन बाहेर पडणारी माणसे थबकू लागली. तेवढ्यात दुकानाचा पहारेकरी आला आणि कमरेत वाकून म्हणाला, की प्रवेशद्वार अडते आहे, कृपया पुढे सरका. बाईंनीही वाकून नमस्कार केला, पण सरदार मरेपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत.

हे काम करणाऱ्यांना बेन्शी म्हणत. पडद्याच्या बाजूला उभे राहून ते सगळ्या पात्रांचे संवाद बोलत आणि कथाही सांगत. पिंगुळीचे चित्रकथी चित्रे पुढे धरून आख्यान लावतात, त्याच्या फार जवळचा हा प्रकार आहे. लोक नटाइतकेच, कित्येकदा नटापेक्षाही, बेन्शीचे नाव वाचून तिकीट काढत. त्यांच्या शब्दांचा प्रभाव एवढा होता, की १९१७ साली तोक्योच्या पोलिसांनी त्यांना परवाना सक्तीचा केला. म्हणजे जपानी मूकपट मुका कधी नव्हताच, आणि ज्यांना असाकुसात काही ‘दिसले’ नाही, त्यांनी कानात इयरफोन घालून ती फेरी केली असावी, असा माझा दाट संशय आहे.

थोडे जास्तच कडक लिहिले. फेरीचे शुल्क कमी नाही आणि लहान मुले बरोबर असतील तर ती कंटाळतात, हे मान्य. बेन्शींच्या बडबडीमुळे जपानी चित्रपट चित्रांतून बोलायला उशिरा शिकला, असे तेव्हाचे काही सुधारकही म्हणत. त्यातही तथ्य असेल.

पण त्या दुकानासमोरचा बाईंचा आवाज ऐकल्यावर मला बेन्शींच्या टीकाकारांची बाजू घेणे जमत नाही. बोलपट आले आणि हजारो माणसांची पोटे एकाएकी उघड्यावर पडली. चित्रपट दिग्दर्शक अकिरा कुरोसावांना जग ओळखते. त्यांचे थोरले बंधू हेइगो बेन्शी होते, नोकऱ्या वाचवण्यासाठी झालेल्या संपात पुढे होते, आणि १९३३ साली त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. तोकुगावा मुसेईंसारखे काही थोडे बेन्शी रेडिओवर जाऊन पुन्हा नावाजले. कित्येक जण रस्त्यावर मुलांना चित्रे दाखवून गोष्टी सांगत पोट भरू लागले. त्या काळच्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, आवाज तर जवळजवळ गेलेच. अशा वेळी एक बाई भर रस्त्यात, जाहिरातीच्या गाण्यावर आवाज चढवून, पहारेकऱ्याला थोपवून ती कला करून दाखवते आणि आपण म्हणतो, पैसे पाण्यात गेले!

तोक्योला येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी ही फेरी जरूर करावी. शक्यतो दुकाने उघडण्याआधीची, सकाळची वेळ मागून घ्यावी. फेरीत नसेल तरी सेन्सोजी मंदिराच्या आवारात १९५९ साली उभारलेली बेन्शींची स्मारकशिला बघायला न्या, असे वाटाड्याला सांगावे, कारण मुख्य देवळासमोर फोटो काढण्यात गुंतलेली गर्दी तिकडे सहसा वळत नाही. आणि आमच्या गटातल्या त्या गृहस्थांना पुढच्या फेरीचे तिकीट मी माझ्या खर्चाने काढून द्यायला तयार आहे, अट एकच, इयरफोन घरी ठेवायचे.