दुभाजकावरची छाटणी मेंढ्यांपुढे टाकू नका

‘मेंढ्यांचा चारा फुकट! देशी झाडाचा पाला कधीच बाधत नाही. विष काय ते जनावराला आपोआप कळतं. पेंड बंद करा, सुबाभूळ पोटभर घाला. शहरात छाटणीचा पाला फेकून देतात, तो भरून आणा.’ हा मेसेज कधीचा फिरतोय. मी सोडून देत होतो. पण मुरबाडहून दाजींचा फोन आला, ‘रविवारी टेम्पो घेऊन ऐरोलीला येतो, दुभाजकावरची छाटणी भरायला.’ आता गप्प बसवत नाही.

आधी त्या छाटणीचं बघू. ठाणे-नवी मुंबईकडे दुभाजकांवर कण्हेर सर्रास लावतात. पाणी कमी लागतं, धूर-धूळ सोसते, ढोरं तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी कुणाला विचारायचं! कण्हेरीचं विष थेट हृदयावर जातं. ठोके बिघडतात आणि बऱ्याचदा डॉक्टर पोचेपर्यंत जनावर गेलेलं असतं. ‘जनावराला कळतं’ हे उभ्या, हिरव्या, कडू झाडापुरतं ठीक. छाटून उन्हात पडलेली पानं वाळली की जनावर ती खाऊन टाकतं, विष मात्र तसंच राहतं. त्यात ढिगात बोगनवेल, गुलमोहर, बिट्टी, सगळंच मिसळलेलं. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तीही तितकीच विषारी. लांबट पानं सुकून वळली की कशाची ते माणसालाही धड सांगता येत नाही, भुकेली मेंढी काय निवडणार? मूठभर वाळकी पानं एका मेंढीला पुरतात. आणि कण्हेर काही परदेशातून आलेली नाही, आपल्याच परसातली, देवाला वाहायची. मग ‘देशी म्हणजे निर्धोक’ कुठे राहिलं?

सुबाभूळ तर देशीच नाही, मूळ मेक्सिकोकडची. पाल्यात प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं विषही असतं. त्याने लोकर गळते, इतकी की कातरी न लावता लोकर उतरवता येईल का, याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात झाले. पोटात त्याचं जे बनतं त्याने गलगंड होतो. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष मोडणारे जीवाणू असल्याचा माग लागला. १९८०च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले गेले आणि पुढे जीवाणूला नाव पडलं सिनर्जिस्टिस जोन्सी. तुमच्या कळपात ते असतीलच असं नाही. म्हणून सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवा.

एक मान्य करतो. उन्हाळ्यात गवत करपलं की आपटा, बोर, उंबर, बाभळीच्या शेंगा यांचा आधार होतो. दिवाळीनंतर घाटावरून कोकणात उतरणारे धनगर आकडीने फांदी ओढून हेच घालत आलेत. पण ते झाड बघून घालतात, ढीग भरून आणत नाहीत. बाभळीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, थोडं असलं तर जंतांना आळा बसतो, जास्त झालं की खाल्लेलं अंगी लागत नाही.

पेंडीचं काय बोलायचं? गाभण आणि पाजत्या मेंढीची पेंड तोडली तर कोकरांना दूध कुठून मिळणार?

दाजी, टेम्पो आणू नका. गावात आणखी कुणी असा पाला आणलाच असेल तर मेंढ्यांपासून लांब ठेवा, जाळू नका, खोल पुरा. चुकून खाल्ला गेला असेल तर वाट न बघता १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करा, पशुवैद्यकाला कण्हेरीचं नाव घेऊन सांगा आणि दाखवायला चार पानं जपून ठेवा.