‘एक करदाता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : खनिजांची सरकारी लॅब, तिचा पगार आणि तिची भट्टी

नमस्कार करदाता साहेब (तुम्ही नाव दिलं नाही म्हणून हेच चालवतो). तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि खोचकही आहे, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथं स्वतंत्र लिहितोय.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की खनिज आणि धातूंवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थांचा पाया, म्हणजे पगार, वीज आणि पायलट प्लांट (मोठ्या कारखान्याआधी चाचणीसाठी उभारलेला छोटा प्लांट), सरकारनं कुरकुर न करता सांभाळावा आणि ‘स्वतः कमवा’ची सक्ती बेतानं करावी. त्यावर करदाता साहेबांचं म्हणणं असं की हे सगळे पांढरे हत्ती आहेत, संशोधन कामाचं असेल तर इंडस्ट्री रांग लावून पैसे देईल, पाच वर्षात स्वयंपूर्ण झाली नाही त्या संस्थेला टाळं ठोका, पेटंटं विकून खा, आणि शेवटी, सांगलीत ना खाण ना खनिज, तुम्ही द्राक्षं-हळदीवर लिहा.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण ते जरा लागलंच. सांगलीत खाण नाही, कबूल. पण कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत फाउंड्र्या (धातू वितळवून ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, करणारे कारखाने) आहेत, माझं पोट त्यांना माल पुरवण्यावर चालतं, आणि त्या माल म्हणून काय घेतात तर पिग आयर्न (कच्चं लोखंड), फेरोअलॉय (लोखंडाचे मिश्रधातू), सिंधुदुर्गातली सिलिका रेती, कच्छचं बेंटोनाइट (रेती बांधून ठेवणारी चिकणमाती). सगळं खनिजच की हो. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात रेअर अर्थची (दुर्मिळ मूलद्रव्यांची) निर्यात लायसन्सखाली आणली आणि त्यांपासून बनणारे मॅग्नेट अडकले, तेव्हा देशभरातल्या गाड्यांच्या कंपन्यांची धावपळ झाली, आणि गाड्यांच्या कंपन्या धावल्या की कास्टिंगवाल्यांच्या ऑर्डरचं काय होतं ते आमच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. शेजारी साताऱ्यात सड्यांवर जांभा आहे, काही ठिकाणी त्यात बॉक्साइट आहे. तेव्हा द्राक्षं-हळद राहू द्या, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

आता मुख्य मुद्दा. ‘इंडस्ट्री पैसे देईल’. देते ना, कशाला नाही म्हणू? प्रश्न एवढाच की कुठल्या टप्प्यावर देते.

फाउंड्रीत हीट (भट्टीतला वितळलेल्या धातूचा एक घाणा) तयार झाली की पळीभर रस काढतात, तांब्याच्या साच्यात ओतून रुपयाएवढी चकती करतात, ग्राइंडरवर घासून स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या मशिनवर) ठेवतात, ठिणगी पडते आणि मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज सगळे आकडे स्क्रीनवर. यासाठी इंडस्ट्री पैसे देते. खुशीनं देते, कारण रिपोर्ट आजच्या आज हातात पडतो आणि बिलाला जोडता येतो. आता दुसरी गोष्ट बघा. त्याच फाउंड्रीच्या मागच्या बाजूला वापरून काळी पडलेली रेती साचलेली असते, कणांवर भाजलेलं बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी चिकटलेली. ती रेती स्वच्छ करून पुन्हा वापरायची पद्धत आपल्या रेतीवर, आपल्या विजेच्या दरात नीट बसवायची म्हटलं तर किलोभर नमुन्यावर लॅबमध्ये कुणीही करून दाखवेल. खरी भानगड पुढं आहे. तासाला टनानं रेती घालून, तिन्ही शिफ्ट, सलग काही आठवडे चालवलं की मग कळतं बारीक धूळ कुठं साचते, मशिनचं आतलं अस्तर (लायनर) किती दिवसात झिजतं, पाणी फिरवून फिरवून वापरल्यावर त्यात काय काय जमतं. त्याला पायलट प्लांट लागतो. तो उभा करायला पैसा लागतो, चालवायला कसलेला ऑपरेटर लागतो, आणि वर्षातला बराच काळ तो नुसता उभा असतो. छोटा फाउंड्रीवाला म्हणतो मी एकट्यानं का घालू, शेजाऱ्याला फुकट फायदा होणार. त्याचं चुकत नाही. शेजारीही तेच म्हणतो, त्याचंही चुकत नाही. रेती तिथंच पडून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : लॅबमधला किलोभराचा टप्पा पूर्ण सरकारी पैशानं, पायलटचा टप्पा निम्मा-निम्मा, आणि कारखान्यात उभारायच्या वेळेला बहुतेक पैसा उद्योगाचा. तुम्ही शेवटच्या टप्प्याचा नियम पहिल्यालाच लावताय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुम्ही उदाहरण मागितलं होतं, ‘जगात कुठं चाललंय असं’. दक्षिण आफ्रिकेतलं मिंटेक घ्या. १९३४ मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात खनिज प्रयोगशाळा म्हणून सुरू झालं, आज रँडबर्गला आहे, १९८९ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं, आणि पैसा म्हणाल तर साधारण तिसरा हिस्सा सरकारी अनुदान, बाकी कामं करून. म्हणजे तुमच्या आवडीचं मॉडेल. पण त्यांनी कमावण्याजोगं काय केलं आणि त्याला किती वेळ लागला ते बघा. सोन्याचं खनिज दळून सायनाइडमध्ये विरघळवतात. पूर्वी तो सगळा चिखल गाळून स्वच्छ द्राव वेगळा काढावा लागायचा आणि मग जस्ताच्या भुकटीनं सोनं खाली बसवायचं, खनिज चिकणमातीचं असलं की गाळण्या तुंबायच्या. नवी पद्धत अशी की सक्रिय कोळशाचे दाणे थेट चिखलातच सोडायचे, सोनं दाण्यांना चिकटतं, दाणे चिखलापेक्षा जाड म्हणून चाळणीनं वर काढायचे आणि सोनं धुऊन घेऊन कोळसा परत वापरायचा. ऐकायला सोपं. कोळशावरून सोनं धुऊन काढायची रीत अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सनं, म्हणजे सरकारी खात्यानं, १९५० च्या आसपास बसवली, मोठ्या प्रमाणावर ती होमस्टेक खाणीत लागली १९७३ मध्ये, मग आफ्रिकेतल्या या सरकारी संस्थेनं खाण कंपन्यांबरोबर पायलट प्लांट चालवले, आणि ८० च्या दशकात तिथं एकामागून एक प्लांट उभे राहिले. मोजा वर्षं. तुमच्या पाच वर्षांच्या नियमानं यातल्या कुठल्या सालात टाळं लागलं असतं?

दुसरं काम त्यांचं डीसी आर्क भट्टीचं (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या ठिणगीवर वितळवणारी भट्टी), आणि हे मला धंद्यामुळं जास्त जवळचं. फेरोक्रोमच्या (लोखंड-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) नेहमीच्या भट्टीला ढेकळं लागतात कारण खालून येणारा वायू वर निघायला फट पाहिजे, त्यामुळं क्रोमाइटचा (क्रोमियमच्या खनिजाचा) चुरा निरुपयोगी ठरून पडून राहायचा. मिंटेकनं डीसी भट्टीत तो चुरा थेट वितळवता येतो हे पायलटवर सिद्ध केलं, १९८४ च्या सुमाराला क्रूगर्सडॉर्पच्या कारखान्यात ती भट्टी मोठ्या प्रमाणावर लागली, आणि पुढं तीच पद्धत इल्मेनाइटला वापरली गेली. इल्मेनाइट म्हणजे टायटॅनियमचं खनिज, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं तेच. चुऱ्यासाठी काढलेली भट्टी वाळूच्या कामी येईल हे पहिल्या वर्षीच्या ‘अपेक्षित उत्पन्न’ या रकान्यात कोण लिहिणार होतं?

आणि टाळं ठोकण्याचंच म्हणाल तर तेही करून झालंय. वर ज्या ब्युरोचं नाव आलं ती अमेरिकेनं १९१० मध्ये खाणीतल्या स्फोटांत माणसं मरत होती म्हणून काढली, तिच्या ऑरेगनमधल्या ऑल्बनीच्या लॅबमध्ये क्रोल नावाच्या माणसानं झिर्कोनियम काढायची पद्धत बसवली आणि त्यातून अणुपाणबुडीच्या अणुभट्टीसाठी धातू मिळाला, आणि १९९६ मध्ये खर्च वाचवायला तिथल्या संसदेनं ब्युरोच बंद केली. सुरक्षिततेचं काम दुसऱ्या खात्याला, ऑल्बनीची लॅब ऊर्जा खात्याला, बाकी लोक घरी. आता तोच देश रेअर अर्थसाठी चीनच्या तोंडाकडं बघतो आणि घाईघाईनं पैसे ओततोय. वरातीमागून घोडं. एकट्या ब्युरोमुळं सगळं झालं असतं असं मी म्हणत नाही, पण वीस वर्षं ज्याला हात लावला नाही ते काम करणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

आपल्याकडं ‘स्वतः कमवा’ नवीन नाही. सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) लॅबनी आपल्या खर्चाचा एक तृतीयांश बाहेरून मिळवावा असं आबिद हुसेन समितीनं १९८६ मध्येच सांगितलं होतं आणि पुढं माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना त्याला जोर आला. मला ते तत्त्व म्हणून मान्य आहे, शास्त्रज्ञ कारखान्याच्या गेटपर्यंत गेला पाहिजे. गोची आहे ती मोजण्यात. टेस्टिंगच्या सर्टिफिकेटचे पैसे आणि नव्या पद्धतीच्या लायसन्सचे पैसे एकाच रकान्यात मोजले तर कुठलाही शहाणा डायरेक्टर सर्टिफिकेटं फाडत बसणार. आणि यात नुकसान कुणाचं? एमआयडीसीत कर्ज काढून स्पेक्ट्रो घेतलेल्या खाजगी लॅबवाल्याचं, कारण त्याच्यासमोर सरकारी पैशाच्या मशिनवर कमी दरात टेस्टिंग करणारा उभा. तुम्ही मार्केटचे पुरस्कर्ते ना? मग हे तुम्हाला माझ्याआधी खटकायला हवं होतं. माझ्या हिशोबानं रुटीन टेस्टिंगचा रुपया त्या एक तृतीयांशात धरूच नये.

काही कामं तर अशी की त्यांना गिऱ्हाईकच नसतं. कराडजवळ हजारमाचीला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्सची (खोल भोक पाडून जमिनीखालचा खडक तपासण्याची) प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप साताऱ्यात-सांगलीत कुणाला सांगायला नको, आणि कोयनेच्या परिसरात धक्के थांबलेले नाहीत, म्हणून तिथं गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास, नेमकं १२४७ मीटर, नुसता काळा कातळ, आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक. त्या खोलीवर तापमान किती, भेगा कशा, दाब कुठल्या दिशेनं हे मोजायचं. सांगा, कुठली कंपनी याचं बिल भरेल? आणि नको म्हणायची हिंमत धरणाखाली राहणारा कुठला करदाता करेल?

आता जिथं तुमचं माझं जमतं तिथं येतो. पाट्या टाकणारे आहेत. आहेतच. गेट झकास, बाग झकास, आत मशिनवर प्लास्टिकचं कव्हर तसंच. पण त्यातली निम्मी दुखणी पैसा कसा येतो त्यातून होतात. अनुदान वर्षाला बांधलेलं, हप्ता उशिरा, मागच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा निघत नाही, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘खर्च दाखवा’ची पळापळ आणि जे चटकन मिळतं ते खरेदी. खरेदीत परत सर्वात कमी दर. चिखल ओढणाऱ्या पंपाचं रबरी लायनिंग कमी दराच्या माणसाकडून घेतलं की ट्रायल मधेच बंद पडते, आणि बंद पडलेल्या ट्रायलचा अर्धवट डेटा काही कामाचा नसतो. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांसाठी हे नियम सैल केले, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली आणि जेमच्या (सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या) बाहेरून घ्यायचा अधिकार संस्थाप्रमुखाला दिला, ते चांगलं झालं, बरंच आधी व्हायला हवं होतं.

पैसा आणायचा कुठून तर त्याला उत्तर आपल्या घरात आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बघा, नाव आपल्याच सांगलीच्या माणसाचं. कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे रुपया देतात. त्यावर राजकारणही होतं, हिशोबही मागितले जातात, ते मागितलेच पाहिजेत, पण पैसा उसाबरोबर येतो, मंत्र्याच्या मर्जीबरोबर नाही. खनिजाला हे का नको? खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनं खाणपट्टेदाराकडून रॉयल्टीच्या २ टक्के रक्कम खनिज शोधाच्या राष्ट्रीय ट्रस्टला जायला लागली, २०२५ मध्ये ती ३ टक्के केली. त्यातला ठरलेला वाटा पाच-पाच वर्षांच्या करारानं संशोधन संस्थांच्या पायाला बांधून द्या. केंद्राच्या क्रिटिकल मिनरल मिशनला (अत्यावश्यक खनिजांच्या मोहिमेला) जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी मंजूर झाले, आयआयटी मुंबई, भुवनेश्वरची आयएमएमटी, जमशेदपूरची एनएमएल (या दोन्ही सीएसआयआरच्या खनिज-धातूंच्या लॅब) अशांना उत्कृष्टता केंद्रं केलं, उत्तमच. पण प्रोजेक्टचा पैसा मशिन आणतो, प्रोजेक्ट संपला की कंत्राटी पोरगा जातो आणि मशिनला परत कव्हर.

आणि एका बाबतीत मी तुमच्याहून कडक आहे. तुम्ही संस्था बंद करायला निघालात, मी म्हणतो प्रोजेक्ट बंद करायला शिका. किलोवरून पायलटवर जाताना बाहेरचे लोक बसवा, त्यात दोन छोटे कारखानदार पाहिजेतच, नुसते निवृत्त सचिव नकोत. जमत नसेल तर तिथंच थांबवा आणि का थांबवलं ते छापा. वार्षिक अहवालात किती सेमिनार झाले ते मला नको, काय सुरू केलं, काय सोडलं आणि कुणाच्या कारखान्यात काय लागलं हे तीन पानात सांगा.

राहता राहिलं पेटंट. ‘विकून खा’ म्हणणं सोपं आहे. एकाच बड्या कंपनीला सगळे हक्क विकले तर पैसे जास्त येतात हे खरं, पण मग रेतीची पद्धत माझ्या-तुमच्या कराच्या पैशातून निघणार आणि कुपवाडचा छोटा माणूस ती वापरायला त्या कंपनीच्या दारात उभा राहणार. पायलटला ज्यानं निम्मे पैसे घातले त्याला दोन-तीन वर्षांची आघाडी द्या, त्यानंतर ठरलेल्या फीमध्ये मागेल त्याला लायसन्स. फी छोट्यांना परवडेल अशी, आणि किती ते वेबसाइटवर लिहिलेली. यावर तुमचं काही वेगळं म्हणणं असेल तर लिहा, आणि जमलं तर या वेळी नावासकट.