पासिंग

आमचा टेम्पो अकरा वर्षांचा. अशा गाडीची तपासणी ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी असते, पुढे ती दरवर्षीची होते. सरकारी कागदावर तिला फिटनेस सर्टिफिकेट म्हणतात, आम्ही गोव्यात, डिचोलीत पासिंग म्हणतो. यंदा तारीख आली ती नेमकी चवथ, आमची गणेशचतुर्थी, आटोपल्यावर, म्हणजे खिसा आणि पोट दोन्ही फिटनेसच्या बाहेर गेलेले असताना.

मेस्ताने, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, ब्रेक आवळले, हेडलाइट सरळ केले, स्टिअरिंगचा प्ले काढला. टायर मात्र बोटाने चाचपले आणि गप्प बसला. खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. त्यापेक्षा माझ्या तळहातावरच्या रेषा खोल होत्या. त्यातली धनरेषा त्याच दिवशी पुसली गेली. मग पुढे पांढरी, मागे तांबडी चकाकती पट्टी चिकटवली. ते बघून बायको म्हणाली, "चवथीला घराला रंग काढा म्हटलं तर हात आखडला, आणि टेम्पोला झालर?"

पण खरी कसोटी चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या आकड्यांची. त्यावर कागद धरायचा, पेन्सिल घासायची आणि आकडे उमटवायचे. लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो तसंच, फक्त नाणं खिशात असायचं आणि हा नंबर मातीत होता. अकरा पावसाळ्यांची तांबडी माती, तीही आमच्या खाणपट्ट्यातली. मी टेम्पोखाली उताणा, मेस्त स्क्रू ड्रायव्हरने उकरतोय. बऱ्याच वेळाने एक शून्य सापडलं. आम्ही हरखलो. ते नटाचं निघालं.

तपासायला आलेले साहेब वयाने माझ्या मुलाएवढे. इंडिकेटर, वायपर, आरसे, नंबरप्लेट, हँडब्रेक, धुराचा दाखला सगळं भराभर झालं. टायरांवरून तर त्यांची नजर नुसती घसरून गेली. एवढा खर्च करून हे? न राहवून म्हटलं, "साहेब, मागचे दोन्ही नवे आहेत."

"दिसतात," ते म्हणाले. बस्स, एवढंच. "फर्स्ट एडची पेटी?"

पेटी होती! ऐटीत उघडली. आत कापूर, काडेपेटी, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून उरलेला सुंभ आणि कापूस.

"कापूस आहे," मी म्हटलं.

"या फुलवाती आहेत."

माणूस धार्मिक घरातला असावा, कारण हसू दाबत "नवी पेटी घेऊन ठेवा" एवढंच म्हणाला. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर पुढची आज्ञा आली, "हॉर्न."

हॉर्नची मला काडीची काळजी नव्हती. आमच्या चढणीवरच्या प्रत्येक वळणावर तो वर्षभर कोकलत असतो. मी आत्मविश्वासाने दाबला.

"पों."

क्षीण, रबरी. सायकलच्या हँडलला लावलेला असतो तसा. मी पुन्हा दाबला. "पों, पों."

रस्त्यापलीकडच्या घराचं दार उघडलं. एक आजी पिशवी घेऊन लगबगीने बाहेर आल्या आणि फाटकातूनच ओरडल्या, "पोदेरा, पोयो आसात?" पोदेर म्हणजे आमचा सायकलवरचा पाववाला, आणि पोयो म्हणजे त्याचे पाव.

साहेबांचं पेन कागदावर थांबलं. "हॉर्न बदला आणि परवा या," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून पुढच्या रिक्षाकडे गेले. त्यांचे खांदे हलत होते.

आजी अजून फाटकातच उभ्या होत्या. शेवटी मीच सांगितलं, "सोंपल्यो."