करतो मालक, भोगतात चाहते

इंग्लंडमधल्या खालच्या विभागांतल्या फुटबॉलचे तेच रडगाणे दरवर्षी ऐकावे लागते: खेळाडूंचे पगार थकले, गुण कापले, आणि मालक ना पैसे घालतो ना क्लब सोडतो. 1885 साली स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला बरी क्लब डिसेंबर 2018 मध्ये अवघ्या 1 पौंडाला विकला गेला, आणि नव्या मालकाकडे क्लब चालवायला पैसे आहेत याचा पुरावा तेव्हा या विभागांची स्पर्धा चालवणाऱ्या लीगच्या हाती आलेलाही नव्हता. पगार थकलेले असतानाही खेळाडूंनी त्याच हंगामात वरच्या विभागात बढती मिळवली. 27 ऑगस्ट 2019 रोजी शेकडो चाहते पुढच्या सामन्यासाठी गिग लेन या क्लबच्या मैदानावरच्या खुर्च्या पुसायला जमले होते आणि त्याच रात्री लीगने क्लबला बाहेर काढले. खुर्च्या पुसणाऱ्या त्या माणसांचा काय गुन्हा होता?

पुढच्याच वर्षी मॅकल्सफील्ड टाउन हा क्लब न्यायालयाच्या आदेशाने बंद पडला, आणि 2025 मध्ये मोरकम क्लब बुडता बुडता वाचला. सर्वांत जास्त चीड येते ती शिक्षेच्या पद्धतीची: कर्जात बुडालेला क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला की 12 गुण कापतात, म्हणजे उधळपट्टी मालकाची आणि घसरण संघाची. फुटबॉल क्लबांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र नियामकाचा कायदा जुलै 2025 मध्ये झाला आहे. त्या नियामकाने खरेदीदाराची तिजोरी व्यवहार होण्याआधी उघडून पाहावी, नंतर नव्हे.