नव्याने जॉईन झालेल्यांनो, आधी टाय काढा

मला सल्ला द्यायचा अधिकार कसा, असं कोणी विचारेल. मी आजवर एकही साबण विकलेला नाही. पण गोव्यातल्या अस्नोडा ते म्हापसा या पट्ट्यात जो कोणी नेटवर्क मार्केटिंगमध्ये शिरतो, त्याच्या नावांच्या यादीत मी पहिल्या पाचांत असतो. घरी असतो, पेन्शन आहे, आणि आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या अपलाइनने, म्हणजे ज्याने तुम्हाला यात जोडलं त्याने, तुम्हाला सेमिनारमध्ये काय शिकवलं ते त्यांचं त्यांना माहीत. समोरच्या खुर्चीत बसून काय दिसतं, ते माझ्याकडून ऐका.

तर आधी टाय. गोव्यात टाय शोभतो तो चर्चमधल्या लग्नात नवऱ्याला, नाहीतर मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला. मे महिन्यात भर दुपारी म्हापशाच्या बसस्टॅण्डवर टाय लावून, काळी बॅग घेऊन, घामाने निथळत तुम्ही हसतमुखाने उभे राहिलात की चहाच्या गाड्यावरची ओळखीची माणसं पटापट फोन कानाला लावतात. त्यातल्या कित्येकांचे फोन बंद असतात.

दुसरं, फोनवरचं ते गूढ बोलणं. ‘काका, एका महत्त्वाच्या विषयावर भेटायचं होतं, फोनवर नाही सांगता येत.’ बाबा रे, आमच्याकडे असले विषय दोनच. एक तर कोणीतरी स्थळ आणतंय, नाहीतर वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावर सही हवी आहे. मागे एकाचा असा फोन आला तेव्हा हिने पोहे भिजवले, बैठकीतल्या गाद्यांचे अभ्रे बदलले आणि लेकीला साडी नेसायला लावली. मी कपाटातून जमिनीची फाइल काढून ठेवली, न जाणो! मुलगा आला आणि त्याने बॅगेतून टूथपेस्ट काढली. लेक तशीच साडीत आत निघून गेली. मुलगा दिसायला बरा होता, हे अजून हिच्या मनातून जात नाही.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर प्लॅन अजिबात दाखवू नका. सगळे भाऊबंद मूळ घरात एकत्र जमतात म्हणून तुम्हाला ती संधी वाटते, हे मला कळतं. आमच्या एका पुतण्याने आरतीनंतर, वाजवायची घुमटं अजून मांडीवर असतानाच, कागदावर गोल काढायला सुरुवात केली. सगळ्यात वर स्वतःचा गोल, त्याखाली थोरल्या काकांचा. ज्यांनी सांगितल्याशिवाय गणपतीवर टांगायच्या माटोळीला साधी सुपारी बांधली जात नाही, ते काका पुतण्याच्या खाली! काकांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि विचारलं, ‘आणि तुझा बापूस खंय?’ बापूस काकांच्याही खाली होता. नेवऱ्यांचं ताट येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

आता गोलांचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित. तुम्ही सहाजणांना आणायचं, त्या प्रत्येकाने सहाजणांना. सहा, छत्तीस, २१६, १,२९६, असं करत आठव्या पायरीला आकडा होतो १६,७९,६१६. २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या भरली १४,५८,५४५, रांगती पोरं धरून. म्हणजे पेडण्यापासून काणकोणापर्यंत घरटी सगळे जॉईन झाले तरी शेवटच्या पायरीला दोन लाखांवर माणसं कमी पडतात, आणि तुम्हाला बांदा-सावंतवाडी गाठावी लागते. तिथली मंडळी तोवर त्यांची यादी घेऊन पत्रादेवीच्या नाक्यावर पोचलेली असणार.

शिवाय आपल्याकडे अनोळखी माणूस मिळणार कुठून? ‘तूं कोणालो?’ हा प्रश्न आला की दोन मिनिटांत नातं निघतं. तुमच्या यादीतला मामा तुमच्या अपलाइनचा मेहुणा असतो आणि तो तिसऱ्याच कोणाकडून आधीच प्रोटीन पावडर घेऊन बसलेला असतो.

कायदाही एकदा वाचून ठेवा. सेमिनारमध्ये टाळ्यांच्या गडबडीत तो राहून जातो. माल विकून कमिशन मिळवणं वेगळं आणि निव्वळ माणसं जोडण्याचे पैसे घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारावर १९७८पासून बंदीचा कायदा आहे, आणि डायरेक्ट सेलिंगच्या २०२१च्या नियमांतही असल्या पिरॅमिडला मनाई आहे. त्याच नियमांत म्हटलंय की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. हे लिहिणारा गोव्यात राहत नसावा. इथे वेळ ठरवून येणाऱ्या माणसाचाच जास्त संशय येतो.

राहता राहिला डेमो. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात आयोडीनचे थेंब. पाणी तांबूस झालं की म्हणायचं, ‘काका, हे तुमचं शरीर.’ मग आपली कॅप्सूल फोडून टाकायची आणि पाणी पुन्हा नितळ. परवा आलेल्या पोराने हे फार ऐटीत करून दाखवलं. मला खरंच स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटू लागलं होतं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने दुसरा ग्लास मागितला, त्यातही आयोडीन टाकायला लावलं, आणि परसातलं अर्धं लिंबू त्यात पिळलं. ढवळल्यावर तेही पाणी नितळ. सी व्हिटॅमिन दोन्हीकडे. एवढं तिने शाळेत विज्ञान शिकवताना कित्येक वर्षं सांगितलेलं.

पोरगा दोन्ही ग्लासांकडे आळीपाळीने बघत राहिला. मला वाटलं, आता बॅग उचलेल. पण शिकवलेलं कुठे वाया जातं? त्याने टाय सारखा केला आणि म्हणाला, ‘काकी, तुमच्यात मला लीडर दिसतोय. आमच्या पुढच्या मीटिंगला स्टेजवर याल?’

‘शुक्रवार सोडून सांग,’ ही म्हणाली. ‘शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो.’