पंखांवरचे अकरा ठिपके

जर्मनीतल्या केम्निट्झच्या नाताळबाजारात लाकडी देवदूताची बाहुली हातात घेतली की मी आधी पंखांवरचे ठिपके मोजते. हिरवे पंख, पांढरे ठिपके, बरोबर अकरा. ही ग्र्युनहायनिशेन गावातल्या 'वेन्ड्ट उंड क्यून'ची खूण. १९१५ साली दोन मैत्रिणींनी काढलेली ही कार्यशाळा १९७२ मध्ये पूर्व जर्मन सरकारने ताब्यात घेतली आणि १९९० मध्ये वेन्ड्ट कुटुंबाला परत मिळाली. त्यामुळे जुनी बाहुली घेताना इथला संग्राहक ती त्या अठरा वर्षांतली आहे का, हेही विचारतो.

घरच्या ग्रुपवर खेळण्यांचा विषय निघाला की एकच सूर असतो: चिनी माल बंद करा. भारत सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ मध्ये ७०. आपल्या कारागिराला त्याने आधार मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण चिनी नको हे ठरलं, तरी आपलं म्हणजे नेमकं कुणाचं, हे कुणी विचारतच नाही.

गेल्या डिसेंबरात एका स्टॉलवरून अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई घेतला. घरी येऊन किमतीचं लेबल सोललं, तर खाली 'मेड इन चायना'. काम वाईट नव्हतं, मिशीचा रंगही नीट बसला होता. चीड आली ती लपवल्याची. देशाच्या नावावरून दर्जा ठरत नाही, हे तर जर्मनांनीच सोसलंय. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने आला, तो तिथल्या गिऱ्हाइकाने जर्मन माल हलका म्हणून ओळखावा यासाठी.

मग गाव का महत्त्वाचं? झायफेन या इथल्याच लाकडी खेळण्यांच्या गावाला जाऊन बघा. कथलाच्या खाणी आटल्या तशी तिथली माणसं लाकूडकामाकडे वळली. लेथवर भिजवलेल्या स्प्रूसच्या खोडाची चकती फिरत होती आणि कारागीर तिच्यात खाचा पाडत होता. काय घडतंय काही कळेना. मग त्याने त्या कड्याला सुरा लावून केकसारखी फोड काढली, आणि कापलेल्या बाजूवर घोडा! पुढची फोड, पुढचा घोडा. संग्राहक जास्त पैसे मोजतो ते या हातासाठी, आणि तो हात कुठे सापडेल हे त्याला ठाऊक असतं म्हणून.

माझ्याकडे सावंतवाडीचं लाकडी केळं आहे, लहानपणापासूनचं. देठाकडचा काळसर रंग अजून पक्का आहे. उलटंपालटं करून पाहिलं, कुठेही नाव नाही. मावशीने आणलं होतं. तिला विचारलं तर तिला तिथली चितार आळी आठवते, दुकान आठवत नाही. येत्या मे महिन्यात जाणार आहे. जे घेईन त्याच्या तळाशी, ज्याने केलं त्याच्याकडूनच, नाव आणि साल लिहून घेणार आहे.